ड्रोन आकाशात, फटाके गल्लीत

दिवाळीच्या फटाक्यांची जागा ड्रोनचे प्रकाशखेळ घेतील, असे मत अलीकडे वसुबारस जवळ आली की हमखास मांडले जाते. मांडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि युक्तिवाद आटोपशीर. ड्रोनला धूर नाही, स्फोट नाही, पोरांचे हात भाजण्याची भीती नाही. तेच यंत्र पुन्हा पुन्हा उडवता येते. नव्या पिढीला तंत्रज्ञानाची ओढ आहे. मग बंदी, पोलीस, न्यायालय ही कटकट हवी कशाला? चांगला पर्याय डोळ्यांसमोर आला की वाईट सवय आपोआप सुटेल. यातली सुरुवातीची विधाने बव्हंशी खरी आहेत. शेवटचे साफ चुकीचे आहे आणि सगळे नुकसान त्यानेच होते.

ड्रोनच्या प्रकाशखेळाचे तंत्र खरोखर कौतुकास्पद आहे. प्रत्येक यंत्राला रंग बदलणारा एलईडी दिवा असतो. कोणत्या क्षणी, किती उंचीवर, कोणत्या रंगात थांबायचे हे संगणकावर आधीच बसवलेले असते. उपग्रहांकडून मिळणारी स्थानमाहिती जमिनीवरच्या केंद्रातून सुधारून दिली जाते, त्यामुळे शेकडो यंत्रे एकमेकांवर न आदळता चित्र रेखाटतात. 2012 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात 49 ड्रोनचा ताफा उडाला. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकसाठी ही संख्या 1,218 वर गेली आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला 1,824 वर. दिल्लीत विजय चौकात 29 जानेवारी 2022 रोजी बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात एक हजार देशी ड्रोन उडाले, आणि अयोध्येच्या दीपोत्सवातही आता ते दिसतात.

पर्यायवाद्यांचे आवडते उदाहरण अमेरिकेतले आहे. उटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीने 2023 मध्ये 4 जुलैच्या आतषबाजीऐवजी ड्रोनचा खेळ केला. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागण्याचा धोका आणि आधीच बिघडलेली हवा ही त्यामागची कारणे होती. हे उदाहरण खरे आहे, पण ते सिद्ध काय करते? तिथे बदलली ती नगरपालिकेची आतषबाजी. पैसा एकाचा, परवानगी एकाची, उडवणारे मोजके आणि बघणारे हजारो. अशा कार्यक्रमात दारूऐवजी दिवे आणायचे तर निर्णय घेणारी एक जागा असते आणि तिथे तो घेता येतो. दिवाळीच्या फटाक्यांना अशी जागाच नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोथरूड, डोंबिवली किंवा नाशिकरोडला जे वाजते ते कोणा एका आयोजकाचे नसते. ते लाखो पिशव्यांमधून घरोघर आलेले असते.

या मतातली मुख्य चूक हीच आहे. बघण्याची गोष्ट आणि करण्याची गोष्ट यांत ते फरकच करत नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या हातातली फुलबाजी पाहावी. तार लांब धरलेली, हात ताठ, मान मागे. मसाल्याचे टोक पणतीच्या ज्योतीवर बराच वेळ धरावे लागते. आधी नुसते काळवंडते, मग फस्सकन पेटते आणि लोखंडाच्या किसाच्या पिवळ्या ठिणग्या मनगटापर्यंत येतात. पहिली विझण्याआधी तिच्यावर दुसरी लावायची आणि तापलेली तार पाण्याच्या बादलीत टाकायची, हे मोठी बहीण शिकवते. सगळा कार्यक्रम मिनिटाभराचा, पण त्यात भीती आहे, धिटाई आहे, घरातल्यांची देखरेख आहे. या मुलीला मैदानावर नेऊन आकाशात मोर दाखवला तर ती टाळ्या वाजवील यात शंका नाही. घरी आल्यावर ती फुलबाजी मागेल यातही नाही.

इतिहासही हेच सांगतो. पेशव्यांच्या बखरीत एक प्रसंग आहे. कोट्याला दिवाळीत ‘दारूची लंका’ उभारतात, दारूचा हनुमान शेपटी पेटवून उडतो आणि लंका जाळतो, असे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले. पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करण्यात आला. पुण्याच्या लोकांनी तो अंधाऱ्या रात्री पाहिला. आजच्या ड्रोनच्या खेळाचा खरा पूर्वज हा आहे: सत्तेने मांडलेला, रामायणातली आकृती आकाशात दाखवणारा, प्रजेने लांबून पाहायचा देखावा. घरोघरच्या फटाक्यांची वाट वेगळी आहे. जो वंश मुळात निराळा, त्याची जागा हा देखावा घेणार तरी कशी?

गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात. वाड्यावरची मुले आदल्या कित्येक रात्री जागून बांबू, गवत आणि कागदाचे ते धूड उभे करतात, त्यात फटाके भरतात. आकाशात ठिपक्यांचा नरकासुर काढून दाखवला म्हणून ही मुले झोपायला जातील असे ज्याला वाटते, त्याने सण फक्त चित्रात पाहिला असावा.

विजेचे दिवे आले तेव्हाही हाच वाद झाला होता. माळा आल्या, आता पणती जाणार, असे एका बाजूने आनंदाने आणि दुसऱ्या बाजूने दुःखाने सांगितले गेले. झाले निराळेच. आकाशकंदिलात बल्ब आला, कारण तिथे उंचावर ज्योत सांभाळणे कोणालाच नको होते. उंबरठ्यावरची पणती मात्र राहिली, कारण ती कोणीतरी वाकून लावायची असते.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. वारा वाढला की ड्रोन उडत नाहीत, उडाले तर पडतात: 2023 मध्ये मेलबर्नच्या डॉकलंड्समध्ये चारशेहून अधिक ड्रोन पाण्यात गेले. इजा होतच नाही हेही खरे नाही: डिसेंबर 2024 मध्ये ऑर्लँडोत ड्रोन आदळून कोसळले आणि एक लहान मुलगा गंभीर जखमी झाला. बॅटरी काही मिनिटांचीच सोबत करते. शिवकाशीत पोट भरणाऱ्या कामगारांचे काय, याबद्दल पर्यायवादी अवाक्षर काढत नाहीत.

खरे नुकसान पुढे आहे. आज कान आणि फुप्फुसे ज्यांमुळे बिघडतात त्या फटाक्यांवर नियम केव्हाचेच आहेत. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा 1999 पासून आहे. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने दिवाळीला रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, फटाक्यांच्या लांब माळा आणि बेरियमचे क्षार बंद केले. हे नियम पाळले जात नाहीत. अशा वेळी “ड्रोन येताहेत, प्रश्न सुटेल” असे म्हणणे म्हणजे अंमलबजावणी करणाऱ्याला रजा देणे. मैदानावर वीस मिनिटांचा खेळ होतो, छायाचित्रे छापून येतात आणि घरी परतणाऱ्या गर्दीच्या कानाशी दहा हजारांची माळ लागते. ‘आमच्याच सणांवर डोळा का’ हा जुना प्रश्नही इथे गैरलागू आहे. दमेकरी शेजारी आणि पाळण्यातले मूल त्याच आळीतले असते.

मग करावे काय? जिथे आतषबाजी एका आयोजकाच्या हाती आहे तिथे ड्रोन जरूर आणावेत. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात 10 एप्रिल 2016 च्या पहाटे आतषबाजीच्या दारूसाठ्याचा स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे गेली. असे साठे ड्रोनमुळे नाहीसे होणार असतील तर कोणताही खर्च जास्त नाही. विजयाच्या मिरवणुका, उद्घाटने, महोत्सव यांनाही हेच लागू. घरगुती फटाक्यांसाठी उपाय निराळा आणि कमी झगमगीत आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेले हरित फटाके सूक्ष्म कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी करतात. ही घट मोठी नाही, पण मिळते तेवढी घ्यावी. धुराच्या बाबतीत फुलबाजीही निष्पाप नाही आणि बिनआवाजाची नागगोळी तर मुळीच नाही, तेव्हा मुलांच्या पिशवीतून नागगोळी आधी वगळावी. किल्ले, कंदील, रांगोळी यांना सोसायटीच्या आवारात जागा द्यावी, कारण हाताला काम हवे असते.

आणि तपासणी योग्य वेळी व्हावी. फटाक्यांच्या स्टॉलना परवाने दिवाळीच्या काही दिवस आधी दिले जातात. माल मांडला जातो त्याच दिवशी प्रत्येक स्टॉलवरून नमुने उचलून मोकळ्या मैदानात, चार मीटरवर मापक ठेवून वाजवावेत आणि मर्यादेबाहेरचा माल तिथेच जप्त करावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला पोलीस चौकीत फोन करून काही हाती लागत नाही; तोवर तो माल प्रत्येक जिन्याखाली पोचलेला असतो.