पहिला पावसाळा खुराडं रिकामंच राहू द्या

परसदार : साप्ताहिक सदर

गावठी अंडी महागली की कळंबोलीत कोंबड्या पाळायची हुक्की येते. रो-हाउसमागची मोकळी पट्टी असो की रोडपालीतलं जुन्या घराचं परस, आधी पिल्लं येतात आणि खुराड्याचा विचार मागून. तोही असा, की चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली म्हणजे पावसाचा बंदोबस्त झाला! माझा आक्षेप नेमका या ताडपत्रीला आहे.

कोंबडीला पावसापेक्षा ओल जास्त नडते. कोंदट खुराड्यात तूस ओला राहतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे-छाती धरतात. रक्ती हगवणीचे जंतू अशाच ओलीत फोफावतात आणि खाद्याला बुरशी लागते. म्हणून पाऊस अडवा, वारा अडवू नका.

सुरुवात जमिनीपासून. इथली बरीच जमीन भरतीच्या पातळीहून खालची. म्हणून तर सिडकोला पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव करावे लागले. 26 जुलै 2005 चा महापूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. कुंपणाच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ शोधा आणि खुराड्याचा तळ तिच्या फूटभर वर घ्या. रेघ नसली तरी दोन फूट उंची हवीच.

सहा कोंबड्यांना 6 बाय 4 फूट पुरे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पश्चिमेची अरुंद बाजू पत्र्याने बंद करा. उत्तर-दक्षिणेला गुडघाभर भिंत, वर जाळी. छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा आणि दक्षिणेला गुंडाळता येणारा पडदा लावा. तो झड आली की सोडायचा, ओसरली की वर. प्लायवूड एका पावसात फुगतं. लोखंड बाजार शेजारीच आहे, तेव्हा सांगाडा अँगलचाच करा. पत्रे हुक-बोल्टने आवळा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात किती घरांचे पत्रे उडाले, आठवून पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच पत्र्यावर झावळ्या टाका.

जाळीत काटकसर नको. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. खाडी जवळ असल्याने बगळे-कावळे खाद्यावर येतात, म्हणून फिरायच्या जागेवरही छप्पर हवं. जानेवारी 2025 मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा ही चैन नव्हे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता माझा हट्ट. खुराडं शिमग्यापर्यंत उभं करा आणि पहिला पावसाळा त्यात एकही पक्षी ठेवू नका. आत कोरडा तूस पसरा. मोठी सर होऊन गेली की कोपऱ्याकोपऱ्यातला तूस मुठीत दाबून पाहा. गोळा झाला, तर तिथे पाणी येतंय. वळचण वाढवा, फट बुजवा.

एवढं थांबायचं? हो. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते. तेव्हा आणलेली वनराज किंवा गिरिराज पिल्लं, त्यांना मानमोडीची लस वेळेवर दिली, तर उन्हाळ्यात अंड्यावर येतात. जूनच्या पहिल्या झडीला तोंड द्यायला तोवर कोंबड्या थोराड झालेल्या असतात आणि खुराडंही एका पावसाळ्यातून तावून-सुलाखून निघालेलं असतं.