सहा वेळा दुसरा

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने सकाळीसकाळी एक सुविचार टाकला. 'दुसऱ्या आलेल्याचं नाव कुणाला आठवत नाही.' खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून हा लेख.

मला आठवतं. जिमी व्हाइट.

लंडनच्या टूटिंग भागातलं हे कार्टं शाळा बुडवून झॅन्स नावाच्या स्नूकर हॉलमध्ये पडीक असायचं. (माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. उपयोग शून्य.) १९८० साली, अठराव्या वर्षी हौशी खेळाडूंचा जगज्जेता, मग व्यावसायिक. शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तो सहा वेळा खेळला. १९८४, आणि पुढे १९९० ते १९९४ सलग पाच. सहाही हरला.

ऐनवेळी कच खाणारा, असं त्याच्याबद्दल सर्रास म्हणतात. अहो, १९८४ च्या सामन्यात स्टीव्ह डेव्हिसपुढे तो ४-१२ मागे होता. तिथून लढत १६-१८ पर्यंत आला. कच खाणारा माणूस तिथेच क्यू टाकून घरी जातो. १९९० मध्ये याच डेव्हिसला उपांत्य फेरीत हरवून तो वर चढला. १९९२ चं मात्र मी झाकणार नाही. हेंड्रीविरुद्ध १४-८ पुढे असताना सलग दहा फ्रेम घालवल्या. दारू आणि जुगाराने नुकसान केलं, हेही तो स्वतःच कबूल करतो. पण त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत त्याने १४७ चा परिपूर्ण ब्रेक केला होता. क्रूसिबलवर तोवर असा एकच झाला होता, १९८३ मध्ये क्लिफ थॉर्बर्नचा. त्याची बेरीज कुठे करायची?

आणि १९९४. त्या दिवशी त्याचा बत्तिसावा वाढदिवस. १७-१७. शेवटच्या फ्रेममध्ये आघाडीवर असताना जागेवरचा काळा चेंडू हुकला, हेंड्रीने ५८ चा ब्रेक करून विषय संपवला. दोन दिवसांचे पस्तीस फ्रेम आणि एक चेंडू! यावरून एक थोर आणि दुसरा विसरण्याजोगा ठरवणार?

मी एवढा का चिडलोय, तेही सांगतो. मी शाळेत असताना एका मुलीचा पहिला नंबर दोन गुणांनी गेला. पेढे घेऊन ती घरी आली, आणि मी म्हणालो, "थोडक्यात हुकलं गं!" तिने पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. त्या वर्षी पहिला कोण आला होता, ते मला आज कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. तिचं नाव, आडनाव, हजेरीपटावरचा क्रमांकसुद्धा आठवतो.

भाच्या, काढ तो सुविचार.