मगर दुसऱ्याची, जोखीम आपली

हिवाळा तोंडावर आला की आपल्या कापड दुकानांतून लोकरी स्वेटरची चौकशी सुरू होते. तरुण गिऱ्हाईक आता नुसता स्वेटर मागत नाही. छातीवर छोटी हिरवी मगर असलेला मागतो. मग काही व्यापारी बांधव ॲक्रिलिकचा साधा माल उचलतात, कारागिराकडून त्यावर मगर भरून घेतात आणि ‘शुद्ध लोकर’ म्हणून विकतात. धंद्यात चालायचेच, असे म्हणून हा विषय सोडून देण्यासारखा नाही.

ही मगर आली कोठून? रने लाकोस्त हा फ्रान्सचा नामवंत टेनिसपटू. १९२० च्या दशकात संघाच्या कप्तानाने त्याला सांगितले, सामना जिंकलास तर मगरीच्या कातड्याची बॅग घेऊन देईन. सामना तो हरला, पण ‘मगर’ हे नाव चिकटले. पुढे १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या होजिअरी कारखानदाराबरोबर भागीदारी करून त्याने मगरवाले सुती शर्ट बाजारात आणले. लोकरी स्वेटर नंतरचे. ध्यानात घ्या, नाव खेळाडूचे असले तरी विणकाम जाणणारा भागीदार सोबत होता. माल टिकला म्हणून चिन्ह टिकले. आपण मात्र मालाशिवाय चिन्ह उचलतो.

यात जोखीम कोणाची? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे खोटे चिन्ह लावणारा आणि कलम १०४ प्रमाणे तसा माल विकणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. म्हणजे नगामागे चार पैसे घेऊन मगर भरणारा गरीब कारागीरही यात सापडतो. नफा दुसऱ्याचा आणि कोर्टाच्या चकरा त्याच्या!

लोकरीची लबाडी तर लपतही नाही. दोऱ्याचे टोक जाळून पाहा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळते व त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा माल घेताना आपणही करावी. ॲक्रिलिक विकणे गुन्हा नाही. ते स्वस्त आहे, धुवायला सोपे आहे. ॲक्रिलिक म्हणूनच विका.

‘आम्ही दिली नाही तर शेजारचा देईल,’ असे काही बांधव म्हणतात. देईलही. पण मगरीसाठी आलेले गिऱ्हाईक उद्या दहा रुपये स्वस्त मगर मिळाली तर तिकडे जाईल. दुकानाच्या नावावर आलेले गिऱ्हाईक मुलालाही घेऊन येते.

आपल्याकडे भरतकाम, शिलाई, विणकाम जाणणारे हात कमी नाहीत. मग आपलेच चिन्ह का नसावे? २०१७ च्या नियमांनुसार व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये फी आहे. कपड्यांचा वर्ग २५ वा. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे वाढवता येते. चार-पाच दुकानदार व कारागिरांनी मिळून हा खर्च उचलणे अवघड नाही.

पहिल्या वर्षी त्या चिन्हाला कोणी विचारणार नाही, हे खरे. पण खरा माल, खरा भाव आणि चिठ्ठीवर खरी माहिती दिली तर गिऱ्हाईक ते चिन्ह ओळखू लागेल. दुसऱ्याची मगर कितीही सुबक भरली तरी ती आपली होत नाही.