सारंगखेड्याच्या घोडेबाजारातील जनावरांच्या निवाऱ्याबाबत मागणीपत्र

प्रति,
यात्रेचे नियोजन करणारे स्थानिक प्रशासन,
सारंगखेडा, ता. शहादा, जि. नंदुरबार

महोदय,

दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत तापीकाठी घोडेबाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून मारवाडी, काठेवाडी, नुकरा घोडे येतात आणि कित्येक दिवस उघड्यावर राहतात. मार्गशीर्षात खानदेशात पारा दहा अंशांखालीही उतरतो. माणसे शेकोटीशी सरकतात. घोड्याला अगाडी-पिछाडी लावलेली; तो वाऱ्याकडे पाठ करायलाही वळू शकत नाही.

आम्ही गरम, बंदिस्त तबेले मागत नाही. कोंदट तबेल्यात मुताच्या उग्र वासाने फुप्फुसे बिघडतात. थंडीचे दाट केस आलेला निरोगी घोडा कोरडी थंडी सहज सोसतो. केस फुलतात, त्यांत हवा धरली जाते, तीच त्याची गोधडी. केस भिजले की गोधडी गेली. एका पहाटे शिंगराच्या अंगावरची झूल आम्ही काढली, तर दवाने ती जड झाली होती. पिळली तेव्हा पाणी गळले. शिंगरू आईच्या आडोशाला शेपूट दाबून थरथरत होते. झूल नसती तर बरे, असे त्या दिवशी वाटले.

म्हणून बाजाराची जागा मुरूम टाकून उंच व कोरडी करावी. उत्तरेच्या वाऱ्याला माणसाच्या उंचीहून उंच कूड घालावा आणि वर दव अडवणारे साधे छप्पर, बाजू मोकळ्या. गाभण घोड्या व शिंगरांना आतली जागा आधी मिळावी.

चाऱ्याचा मुद्दा आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो आणि त्यातून अंगाला ऊब मिळते. तोबराभर हरभऱ्याने ते काम तितके होत नाही. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो, थंडीत त्याहून जास्त, आणि तो रात्रभर पुढ्यात हवा. यात्रेत कडबा महागला की मालक नेमका रात्रीचा चारा कमी करतो. रास्त भावाचे चारा केंद्र रात्री उशिरापर्यंत सुरू ठेवावे.

गार पाणी घोडा कमी पितो. कोरड्या चाऱ्यावर पाणी कमी पडले की पोटशूळ उठतो. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची सोय करावी. सामाईक हौद बंद करून नळावरून ज्याच्या त्याच्या बादलीत पाणी मिळावे, म्हणजे पाण्यातून रोगही पसरणार नाही. पशुवैद्य रात्रीही बाजारातच हवा.

आमच्याकडून शब्द: विक्रीसाठी चकाकी यावी म्हणून सभासद घोड्याचे केस कातरणार नाहीत, ओली झूल अंगावर ठेवणार नाहीत आणि रोज खरारा करतील.

पहिली मेख ठोकली जाण्याआधी जागेचा आराखडा आम्हाला दाखवावा, ही विनंती.

आपले,
घोडेमालक, व्यापारी व मोतद्दार यांची संघटना