याऊबाईंचे नेतृत्व

क्रीडामार्गदर्शक म्हटला, की कर्कश शिट्टी, दरडावणीचा स्वर आणि माना खाली घालून उभे असलेले खेळाडू, असेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. धाक नसला तर संघ ढिला पडतो, अशी एक समजूत आहे. ती किती पोकळ आहे, हे अमेरिकेतील के याऊ यांच्या चरित्रावरून दिसते.

याऊबाई मूळच्या इंग्रजीच्या शिक्षिका. उत्तर कॅरोलायना प्रांतातील एका शाळेत त्यांना नोकरी मिळाली, ती मुलींना बास्केटबॉल शिकवण्याच्या अटीवर! अटीपोटी पत्करलेले हे काम पुढे त्यांचे जीवनकार्य झाले. १९७५ पासून २००९ पर्यंत त्या प्रांताच्या राज्य विद्यापीठातील महिला संघ त्यांच्या हाताखाली तयार होत होता.

ख्रिस्ती धर्मावर त्यांची अढळ निष्ठा होती. येशूने आपल्या शिष्यांचे पाय स्वतः धुतले, अशी कथा बायबलात आहे. ज्याचा गुरू असा, त्याने शिष्यांवर हुकूमत गाजवण्यात भूषण कसे मानावे? नेता हा प्रथम सेवक असला पाहिजे, हा विचार या कथेत आहे.

श्रद्धेने सामने जिंकता येतात काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही. श्रद्धा ही काही गुणफलक फिरवण्याची कळ नव्हे. सातशेहून अधिक सामने जिंकूनही याऊबाईंच्या विद्यापीठाला त्यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय अजिंक्यपद एकदाही लाभले नाही. श्रद्धेची खरी कसोटी निराळ्याच ठिकाणी लागली.

१९८७ साली त्यांना कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच वर्षी, १९८८ मध्ये, सेऊल येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिला संघाने युगोस्लाव्हियाला हरवून सुवर्णपदक मिळवले. २००४ मध्ये तो रोग पुन्हा उलटला. २००६-०७ च्या हंगामात काही काळ त्यांना संघापासून दूर राहावे लागले. पण उपचार चालू असतानाच त्या परतल्या. धाकाने खेळाडू पळतात खरे. परंतु थकलेल्या बाईंना मैदानाच्या कडेला बसलेले पाहून ज्या जिद्दीने खेळतात, ती जिद्द धाकाला कोठून आणता येणार?

आपल्या दुखण्यातही त्यांनी इतरांचाच विचार केला. कर्करोगाच्या संशोधनासाठी २००७ मध्ये त्यांच्या नावाने निधी उभा राहिला. जानेवारी २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला जमलेल्या लोकांसाठी त्यांनी आपला निरोप आधीच चित्रित करून ठेवला होता. पडद्यावर त्या दिसल्या आणि शांतपणे आपल्या श्रद्धेविषयी बोलल्या.