इतिहासावर बसता येत नाही

आमच्या स्टेशनाला इतिहास आहे, बाक नाहीत. म्हणजे तसे दोन आहेत. पण एकावर पंखा नाही, आणि दुसऱ्यावर आहे म्हणून तिथे कबुतरं आहेत. स्टेशनाचं नाव सांगत नाही. बोरीबंदर ते ठाणे यांच्या मधलं कुठलंही समजा.

बाकाचा विषय काढला, की समोरचा गृहस्थ इतिहासात शिरतो. "अहो, देशातली पहिली प्रवासी गाडी ह्याच मार्गाने गेली!" गेली ना! १६ एप्रिल १८५३. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे, ४०० पाहुणे, वर २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरला तास-सव्वा तास लागला. आजची धीमी लोकलही तासभर घेतेच. फरक एवढाच, की ते चारशे जण चौदा डब्यांत ऐसपैस बसून गेले असणार. आज तेवढे एका डब्यात असतात आणि तोफेऐवजी कोपराची सलामी मिळते.

सरकते जिने आले, लिफ्ट आल्या, हे मान्य. पण गाडीची वाट पाहायला माणसाला बूड टेकावंसं वाटतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मी एकदा अर्ज घेऊन गेलो. आतले बाबू म्हणाले, "बाक ठेवला की गर्दीला अडथळा होतो."

म्हटलं, "साहेब, गर्दी म्हणजे आम्हीच की!"

फलाटावर वडापावच्या स्टॉलचा अडथळा होत नाही, जाहिरातीच्या फलकाचा होत नाही. माणूस टेकला की मात्र होतो. आमच्या शेजारच्या मावशी सत्तरीच्या. गुडघे कुरकुरतात. बाक नाही म्हणून त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर टेकतात आणि उतरणारा लोंढा त्यांना ओलांडून जातो. आता खरा अडथळा कुठे झाला?

जिन्यावरच्या लोंढ्याची थट्टा करवत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मग लष्कराने येऊन नवा पूल बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. जुलैत स्टेशनाचं नाव बदलून प्रभादेवी झालं. म्हणजे पाच महिन्यांत पूल होऊ शकतो तर! फक्त आधी तेवीस माणसं जावी लागतात. बाकासाठी किती, तो आकडा एकदा खिडकीवर लावा, म्हणजे आम्ही रांग तरी लावू.

माझं मागणं मोठं नाही. भिंतीला लागून बाक, त्यावर फिरणारा पंखा आणि आत पाऊल टाकता येईल अशी मुतारी. मावशी घरून निघण्याआधी दोन तास पाणी पीत नाहीत, ते काही उपास म्हणून नव्हे.

आणि इतिहासाची पाटी लावायचीच असेल, तर खुशाल लावा. पण बाकाच्या पाठीवर लावा. आम्ही तिला पाठ टेकून बसू. इतिहासाकडे पाठ फिरवली असं कुणी म्हणालं, तर म्हणो बापडे! आम्ही उठणार नाही.