नावे दोन, वस्तू एक

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या घरातल्या तरुण मंडळींचे ठाम मत आहे. पण वाचकहो, ज्या काळ्या खिडकीत चित्रांवर टिचकी न मारता शब्द टाइप करून हुकूम सोडायचे असतात, तिथे मला फार करमते. का म्हणाल, तर तिथला सारा कारभार क्रियापदांवर चालतो!

त्यांतली तीन मोठी मासलेवाईक आहेत: सीपी, एमव्ही आणि एलएन. म्हणजे नक्कल करा, हलवा, जोडा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली उभी केली. तिच्या ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या माहितीपुस्तकात हे तिन्ही हुकूम आहेत, आणि आजही लिनक्सवर नि मॅकवर ते इमानेइतबारे राबतात.

त्यांचे मर्म एवढेच, की फाइल वेगळी आणि फाइलचे नाव वेगळे. डिस्कवर प्रत्येक फाइलची क्रमांकाची एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइल केवढी, कोणाची, तिचा मजकूर कुठे, हे सारे तिथे असते. नाव तेवढे नसते! नाव असते फोल्डरच्या यादीत, त्या क्रमांकाच्या जोडीला.

आता एमव्ही पाहा. लग्नात मुलीचे नाव बदलायची आपली चाल. घर बदलते, नाव बदलते, माणूस तेच. एकाच डिस्कवर एमव्ही नेमके हेच करते, मजकूर जागचा हलत नाही. एलएन म्हणजे टोपणनाव. हजेरीपटावर भालचंद्र, घरी बंडू; पण ताप आला की दोघांनाही एकदमच! सीपी मात्र खरोखरीचे दुसरे मूल जन्माला घालते. दिसायला हुबेहूब, पण पुढे ज्याचे नशीब त्याच्यापाशी. आणि ‘एलएन -एस’ ही तर दारावरची चिठ्ठी: ‘आम्ही समोरच्या जोश्यांकडे आहोत.’ जोश्यांनी बिऱ्हाड हलवले, की चिठ्ठी तशीच लटकत राहते आणि पाहुणा जिन्यात ताटकळतो.

ही नुसती शब्दांची मौज नव्हे. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या धाकट्या भावाने तिच्या हयातीत ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आई गेल्यावर तो मला सांगे, “दादा, दोन ठिकाणी ठेवल्यात, काळजी नको.” माझी मुलगी पडली संशयी. म्हणाली, “काका, जरा ‘एलएस -एलआय’ करून दाखवा बरं.” दोन फोल्डरांतल्या दोन नावांसमोर क्रमांक एकच उमटला. काकांनी एलएन केले होते!

“म्हणजे दोन प्रती नाहीत?” भावाचा चेहरा उतरला.

“नावं दोन आहेत, काका. आजीचा आवाज एकच.”

चुकून एक नाव पुसले गेले असते, तर दुसऱ्याने ओव्या राखल्या असत्या, कारण शेवटचे नाव जाईपर्यंत संगणक मजकुराला हात लावत नाही. पण डिस्कच बिघडती, तर दोन्ही नावे एकदम बुडती. त्याच संध्याकाळी ‘सीपी -आर’ने सारे फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवले आणि ती डिस्क बहिणीकडे सोलापूरला धाडली. एलएनला हे जमलेच नसते. एका डिस्कवरच्या फाइलला दुसऱ्या डिस्कवर नाव द्यायला ते साफ नकार देते.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. सीपी आणि एमव्ही ही मंडळी अबोल आहेत. त्याच नावाची फाइल तिथे आधीच असली, तर सहसा विचारपूस न करता तिच्यावर नवी बसवतात. हुकुमापुढे ‘-आय’ जोडा, मग ती अदबीने विचारतात.

दिवाळीत शेजारी फराळ धाडताना आपण घरच्याच ताटाला दुसरे नाव देत नाही. दुसरे ताट भरतो. घरच्या ठेव्याचेही तसेच करावे.